आरक्षण तिघींचे

सुट्टी लागल्याचा आनंद मराठी ललितगद्यात विपुल आहे. सुट्टीचे शेवटचे चार दिवस मात्र, निदान आमच्या वाचनात, फारसे आलेले नाहीत. (आमचे वाचन अपुरे असेल, वाचकांनी भर घालावी.)

आम्ही म्हणजे दोघी. कणकवली तालुक्यातल्या एकाच पंचक्रोशीतल्या, २००१ साली एम. ए. मराठीसाठी पुणे विद्यापीठात गेलेल्या, आणि आज दोन निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्या. गेलो तेव्हा तिघी होतो. त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले ते पुढे, २०१४ साली.

२००२च्या जूनचा पहिला आठवडा. कोकणात हे दिवस विद्यार्थ्याचे नसतातच. मृग तोंडावर आलेला असतो आणि घरातले प्रत्येक माणूस पावसाआधीच्या कामांना जुंपलेले असते. कौले चाळायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा, अंगणात वाळत घातलेली आमसुले आभाळ भरून आले की धावत आत घ्यायची. अशा घरात पुस्तक उघडून बसण्याची लाज वाटे, आणि अभ्यास तर सगळाच राहिलेला. आमच्यातल्या एकीच्या भाषाविज्ञानाच्या टिपणवहीवर त्या वर्षी पडलेले कोकमाचे डाग अजून आहेत.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली होती, पण ती आमच्या लेखी मुंबईची. पुण्याला जायचे ते एसटीने, फोंडा घाट चढून, कोल्हापूरमार्गे. तीन जागांचे आरक्षण आधीच करून ठेवले होते.

निघायच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी ती आली. हातात सुट्टीसाठी आणलेले ग्रंथालयाचे पुस्तक, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. "माका आता येवक गावाचा नाय. ह्या पुस्तक तेवढा जमा करा." साखरपुडा झाल्याचे आम्हांला ठाऊक होते. लग्न मार्गशीर्षात. तोवर एक सत्र सहज पुरे झाले असते. हा हिशेब तिनेही केलाच असणार. वसतिगृहाचा खर्च आता नको, असे वडिलांचे म्हणणे. यावर आम्ही काय विचारावे? "दंड पडलो तर?" तिने दहाची नोट काढून दिली. आम्ही ती घेतली.

तिचे वडील आमचे ऐकत. आमच्यातल्या एकीच्या वडिलांचे ते शाळासोबती. आमच्या हाती पुरते दोन दिवस होते आणि तिचे घर वहाळापलीकडे, चालत वीस मिनिटांवर. "काका, दिवाळीपर्यंत तरी पाठवा," एवढे एक वाक्य जाऊन बोलायचे होते. त्या दोन दिवसांत आम्ही लोणच्याच्या बरणीला फडके बांधले, कुळथाचे पीठ चाळून डब्यात भरले, वह्यांना प्लास्टिकचे कव्हर घातले. कामे खरीच होती, पण त्यांच्यामुळे आमचे जाणे राहिले असे म्हणता येणार नाही. तिच्या घरी तो विषय काढावा आणि आपल्याच घरी कोणाला तसाच हिशेब सुचावा, ही भीती होती. आज पंचेचाळिशीत हे लिहिता येते. तेव्हा आम्ही ते एकमेकींजवळही बोललो नाही.

गाडीत तिसऱ्या जागेवर कोल्हापूरपर्यंत आमच्या पिशव्या होत्या. मग एक बाई बसल्या.

पुस्तक होते 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळक लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. सुट्टीनंतर वर्ग भरला आणि एखादी मुलगी परतली नाही, तर तिच्या घरी फोनही करतो. दोनदा उपयोग झाला आहे. अधिक वेळा झालेला नाही.

वसतिगृहावर पोहोचल्यावर पुस्तक उघडले. समासात तिच्या बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या, क्वचित एखादा मालवणी शब्द. पाऊणएक पुस्तकानंतर त्या थांबल्या होत्या. पुस्तकावर लिहिलेले आढळले तर दंड होईल म्हणून, खाटेवर बसून, आळीपाळीने आम्ही त्या सगळ्या खोडरबराने पुसून काढल्या.

दंड झाला नाही. दहाची नोट बरेच दिवस टिपणवहीत होती. पुढे कधीतरी चहाला गेली.