सात स्प्रिंगा

गेला आठवडाभर घरात आवराआवर चालू आहे. टेबलाच्या खालच्या खणात एक तुटकी, गंजलेली स्प्रिंग सापडली. नातू म्हणाला, "आजोबा, ही सीटखालची का?" नाही रे बाबा, इंजिनातली. तेवढ्यावरून सगळं आठवलं.

१९८९ साली मी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण आम्ही सगळे तिला फियाटच म्हणायचो. (तिच्या शेवटच्या टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, तेव्हा मी उगाचच गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.) १९९२ च्या मार्चमध्ये गाडी चढावर धापा टाकू लागली. वरळी नाक्यामागे पत्र्याच्या शेडमध्ये माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवायचा. बीडीडी चाळीतला मुलगा, माझ्याकडे गणितात दोनदा नापास झालेला. त्याने हेड खोललं. एक स्प्रिंग तुटलेली निघाली.

"सर, आठही बदलूया."

मास्तराच्या पगारात आठ म्हणजे आठच! मी म्हटलं, तुटलीये एक, तर एकच बदल.

त्याने वाद घातला नाही. काचेच्या तुकड्यावर जुन्या सात स्प्रिंगा ओळीत उभ्या केल्या आणि शेजारी एक नवी ठेवली. सगळ्या जुन्या केसभर बुटक्या होत्या. मग एक जुनी आणि एक नवी टोकाला टोक लावून वाइसमध्ये धरली आणि आवळली. जुनी आधी दबली. म्हणाला, "सर, व्हॉल्व्ह उघडतो कॅमच्या जोरावर, पण बंद होतो तो फक्त हिच्या भरवशावर. त्यात आपण सीट घासल्या. आता व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी खोल बसणार, त्याची दांडी वर येणार आणि स्प्रिंगला ऐसपैस जागा मिळणार. आधीच ढिली, ती आणखी ढिली. खाली वायसर टाकता येतो, पण वायसरने म्हातारी तरुण होत नाही."

सगळं पटत होतं. गणिताचा मास्तर मी, मनात हिशेबही झाला. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरलं तर कॅम त्याच्या निम्मे, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग सेकंदाला पंचवीस वेळा दबते आणि सुटते. तरीही तोंडातून काय गेलं? "बिल वाढवायला बरं शिकलास रे!" तेही त्याच्या दोन पोऱ्यांसमोर.

त्याने मान खाली घालून एकच स्प्रिंग बसवली.

मे महिन्यात धाकट्या मेहुण्याचं साताऱ्याला लग्न होतं. आमच्या सौ. करवली. पहाटे चारला वरळीहून निघालो. आठच्या सुमारास खंबाटकी घाट चढताना कार्बोरेटरमधून फाट् फाट् आवाज यायला लागले आणि गाडी थांबली. झाकण काढलं तर दुसरी स्प्रिंग तुटलेली. मुहूर्त पावणेअकराचा. लग्नसराईत भरून आलेल्या एसट्या थांबेनात. शेवटी कशीबशी एकीत सौ. मुलांना घेऊन चढली. पोहोचली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. भावाच्या लग्नाच्या एकाही मंगलाष्टकाला करवली हजर नाही... हे तिने मला पुढे किती वेळा ऐकवलं ते लिहीत नाही. खरं सांगायचं तर तिने फारसं ऐकवलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मी उतारावरून खाली येऊन एसटीडी बूथवरून गॅरेजशेजारच्या वाण्याला फोन लावला. विद्यार्थी फोनवर आला. "सर, गाडी चालू करू नका. व्हॉल्व्ह आत पडला तर पिस्टनही जाईल. मी येतो." चार वाजता तो एसटीतून उतरला. हातात हत्यारांची पिशवी आणि बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात कागदात गुंडाळलेल्या सात स्प्रिंगा, कागदावर माझ्या गाडीचा नंबर. मला विचारायच्या आधीच त्याने ऑपेरा हाउसहून आठचा पूर्ण संच आणून ठेवला होता. एकीचे पैसे माझ्याकडून घेतले, सात पदरमोड करून ठेवून दिल्या. मला बोलला नव्हता.

हेड न खोलता त्याने काम कसं केलं ते बघण्यासारखं होतं. रॉकरचा दांडा काढला, प्लगच्या भोकातून हातभर सुतळी आत सारली आणि इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणला. सुतळी व्हॉल्व्हला खालून टेकून राहते, तो आत पडत नाही, आणि वरची स्प्रिंग बदलता येते. असे सातही व्हॉल्व्ह, एकामागून एक, रस्त्याच्या कडेला. मी बॅटरी धरून उभा. मला माफी मागायची होती. मी विचारलं, "चहा घेणार का?"

पैसे त्याने घेतले नाहीत. "लग्नाचा आहेर समजा," म्हणाला. ती गाडी पुढे नऊ वर्षं चालली.

ऑगस्ट २०२५ मध्ये बीडीडीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात तो होता. एकशे साठ चौरस फुटांतून पाचशेत! पेढे घेऊन आला, केस पूर्ण पांढरे. या खणातल्या स्प्रिंगेची तेव्हा मला आठवणही नव्हती, पण त्याला बघून तेहतीस वर्षं अडकलेलं वाक्य एकदाचं बाहेर पडलं. "तेव्हा पोरांसमोर मी तुला नको ते बोललो रे."

तो हसला. "सर, त्या सातांचे पैसे मात्र बाकी आहेत."

किती, ते त्यालाही आठवेना. आतून सौ.चा आवाज आला, "आणि माझ्या अक्षतांचं काय?"