चहा आपुलकीचा, मजुरी हक्काची

केरळातील जुन्या वाटांवर आजही कुठेकुठे 'चुमडुतांगी' दिसते. दोन उभे दगड आणि त्यांवर खांद्याइतक्या उंचीवर आडवी शिळा. हमालाने डोक्यावरचे ओझे कुणाच्या मदतीवाचून तिथे टेकवायचे, घाम पुसायचा आणि पुढे निघायचे.

आता ओझी ट्रकमधून येतात. पण बदलीवर आलेल्या कुटुंबाचे लोखंडी कपाट जिन्याने वर चढते ते माणसाच्याच पाठीवरून. 1978 च्या कायद्याने इथल्या हमालांना संरक्षण दिले. मात्र 'नोक्कुकूली', म्हणजे काम न करता नुसते पाहत उभे राहण्याची मजुरी, हीही इथेच बदनाम झाली. 1 मे 2018 पासून सरकारने ती बंद केली.

म्हणून दर आधीच ठरवावा. सामान उतरू लागले की प्रथम पाणी द्यावे, मध्यंतरी कट्टन चाया आणि गरम पळंपोरी. त्याचे पैसे मजुरीतून मात्र कापू नयेत. बक्षिशी द्यायची तर काम संपल्यावर, सर्वांना सारखी आणि ज्याच्या त्याच्या हातात. मजुरीत घासाघीस करून वर बक्षिशीचा मोठेपणा मिरवण्यात काय शोभा?

ओझे टेकवायला घटकाभर जागा मिळाली, की पुढचा जिना जरा हलका होतो.