बर्फ करडा का दिसतो

किब्बरमधल्या पहिल्या सकाळी मी काढलेला प्रत्येक फोटो करडा आला. समोर डोळे दिपवणारा उतार, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर विझलेल्या चुलीतली राख. फेब्रुवारी महिना, पारा उणे १८. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, म्हणून सिमला, किन्नौर, ताबो अशा लांबच्या वाटेने आम्ही सहा जण स्पितीत आलो होतो, केवळ बर्फाची छायाचित्रं काढायला शिकण्यासाठी.

सरांनी माझा पडदा पाहिला. म्हणाले, "कॅमेऱ्याला बर्फ ओळखता येत नाही. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून तो मोजतो. म्हशीची पाठ उजळ करेल, बर्फ मळवेल. पांढरं काय ते त्याला तुम्ही सांगायचं."

मी एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवलं आणि उतार उजळला. पण आणखी थोडं वाढवताच वाऱ्याने उमटवलेल्या लाटा पुसल्या गेल्या, कोरा कागद उरला. त्या दोन टोकांमध्ये किती पांढरे असतात! सूर्य खाली असताना, तिरप्या उन्हात, ते एकेक करून दिसू लागतात. आणि सावल्या निळ्या. घरी बसून मी तो रंग संगणकावर काढून टाकत असे, चूक समजून. सावलीत ऊन पोचत नाही, तिथे उजेड पडतो तो निळ्या आकाशाचा. म्हणजे इतकी वर्षं मी खरा रंग पुसत होते. याची मला अजून हळहळ वाटते.

बाकीचं शिक्षण हाताचं होतं. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून जादा बॅटऱ्या स्वेटरच्या आत, अंगालगत. तंदूर पेटलेल्या खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बांधायचा, नाहीतर भिंगावर दव धरतं. (तिथे लोखंडी शेगडीला तंदूर म्हणतात. सगळं घर हिवाळाभर तिच्याभोवती राहतं.)

रात्री त्या शेगडीजवळ बसून सरांनी सॅम्युअल बोर्नची हकिगत सांगितली. १८६६ साली तो याच मुलखातल्या मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, कॅमेरा घेऊन चढला. तेव्हा काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून धुवायची. काचा, बाटल्या, अंधाराचा तंबू, सगळं हमालांच्या पाठीवर. बोर्नचं नाव छायाचित्रणाच्या इतिहासात आहे. ओझं वाहणाऱ्यांची नावं मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. मला तरी त्या छायाचित्रांतला निम्मा वाटा त्यांचा वाटतो.

चौथ्या रात्री जोराचा बर्फ पडला. पहाटे ‘की’ गावच्या गोम्पावर, म्हणजे बौद्ध मठावर, पडणारं पहिलं ऊन टिपायला निघायचं होतं. दार उघडलं तर घरच्या आमा शिडी लावून छपरावर, हातात लाकडी फावडं. मातीचं सपाट छप्पर. बर्फ वेळेवर ढकलला नाही तर भार वाढतो, वितळला की पाणी घरात झिरपतं. सरांनी ट्रायपॉड भिंतीला टेकवला आणि काही न बोलता शिडी चढले. मागोमाग आम्ही.

दीड तास लागला. वरचा बर्फ पिठासारखा, फुंकरीने उडेल असा. खालचा दबून बसलेला, फावड्याला जड, कापल्यावर आतून निळसर. १४,००० फुटांवर चार फावडी मारली की छाती भरून येई. आमा मात्र एका लयीत ढकलत होत्या, मध्येच मला खुणेने सांगत होत्या की कडेला जाऊ नको. गोम्पावरचं ऊन केव्हाच येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच उताराकडे पाहिलं तेव्हा ताजा थर कुठे संपतो आणि जुना कुठून सुरू होतो, ते मला कॅमेरा उचलण्याआधीच दिसलं.

आठ दिवसांतले चार फोटो मी ठेवले आहेत. त्यांत छपराचा एकही नाही. तेव्हा माझ्या हातात फावडं होतं.