पुढला शब्द

कीर्तनकारांची एक युक्ती मला फार आवडते. आख्यान ऐन रंगात आले, की बुवा एखाद्या ओळीच्या शेवटच्या शब्दापाशी एकदम थांबतात, हात कानामागे नेतात आणि श्रोत्यांकडे पाहतात. लगेच सारा मंडप तो राहिलेला शब्द एका सुरात म्हणून टाकतो. ज्याने ती ओळ जन्मात कधी ऐकलेली नसते, तोही म्हणतो! आमचे भूगोलाचे गुरुजीही हेच करीत. ‘म्हणून पृथ्वी कशी? तर गो—’ एवढे म्हणून ते थांबायचे आणि राहिलेला ‘ल’ आम्ही साठ पोरे पुरा करायचो.

ऐकणे म्हणजे नळाखाली कळशी धरणे, अशी आपली एक समजूत असते. बोलणाऱ्याने ओतावे, आपण भरून घ्यावे. पण ऐकणारा असा स्वस्थ बसतच नाही. तो बोलणाऱ्याच्या चार पावले पुढे चालत असतो. आपल्या मराठीत तर त्याला तसे चालावेच लागते, कारण वाक्याचे सारे मर्म शेवटी बसलेल्या क्रियापदात. ‘तुमचे पैसे मी उद्या सकाळी नक्की—’ इथवर ऐकून सावकाराचा चेहरा खुलतो. पुढे ‘देतो’ आहे की ‘देऊ शकणार नाही’ आहे, हे अजून ऋणकोच्या तोंडातच असते! ‘दारात भलीमोठी—’ असे कुणी म्हटले, की म्हैस, मोटार, मिरवणूक, काय वाटेल ते मनात येईल. हत्ती मात्र येणार नाही. त्या एका ईकाराने त्याला आधीच दाराबाहेर ठेवलेले असते.

हा पुढे धावणारा मेंदू शास्त्रज्ञांनी अगदी आलेखावर पकडला आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो येथे मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या दोघांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाच्या डोक्याला तारा लावायच्या आणि त्याला एकेक शब्द करून वाक्य वाचायला द्यायचे. वाक्य साधेच; त्याने गरम पावाला काहीतरी फासले, अशा अर्थाचे. पण शेवटी लोणी यायचे तिथे यायचे पायमोजे! असा शब्द दिसला, की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्धा सेकंद उलटायच्या आतच, आलेखात एक ठळक लाट उमटे. शब्द बरोबर असून नुसताच मोठ्या ठशात आला, तर ही लाट उठत नसे, निराळीच उठे. पुढे १९८४ साली त्या दोघांनी असेही दाखवले, की शब्द वेडगळ असायलाच हवा असे नाही. अर्थाला धरून असलेला शब्दसुद्धा जितका अनपेक्षित, तितकी लाट मोठी. मेंदूचा हा अंदाज किती आधीचा आणि किती नेमका, यावर पंडितांचे वाद अजून चालू आहेत. पण अपेक्षेवाचून ऐकणे नाही, एवढे खरे.

त्याच्याही आधी, १९७० साली, रिचर्ड वॉरन यांनी याहून मौजेची गोष्ट केली होती. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दाचा एक उच्चार कापून त्यांनी तिथे खोकला भरला. वीस जणांनी ते ऐकले. एकोणीस जणांनी सांगितले, की शब्दात काहीच गाळलेले नाही. जे कानावर पडलेच नाही, ते त्यांनी ऐकले होते.

हे वाचले आणि मला माझ्या मावशीचे कोडे उलगडले.

मावशी आणि काका यांचा पन्नास वर्षांचा संसार. काकांचा आवाज अगदी मवाळ. ते ओसरीवरून पुटपुटत, ‘अगं, माझा चष्मा—’ आणि वाक्य पुरे व्हायच्या आत स्वयंपाकघरातून उत्तर येई, ‘देव्हाऱ्यापाशी पाहा.’ मावशीचे कान तिखट, असे आम्ही सारे म्हणत असू. मग काका गेले आणि दोन महिन्यांत मावशी ठार बहिरी झाली. सूनबाईंची तर तक्रारच सुरू झाली, ‘सासूबाईंना हवे तेवढे बरे ऐकू येते. मोरी तुंबली म्हटले, तर ऐकू येत नाही. चहा झाला म्हटले, की लगेच येते!’ घरात धुसफूस वाढली. शेवटी मी मावशीला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले आणि म्हणाले, ‘हा बहिरेपणा आजचा नाही. दहाबारा वर्षांचा तरी असेल.’

म्हणजे इतकी वर्षे मावशी काकांचे बोलणे कानांनी ऐकतच नव्हती! अर्धे ऐकू येई, अर्धे ती जाणून होती. काकांबरोबर तिचे अर्धे कान गेले. चहाचेही तसेच. चार वाजता चहा होतो हे तिला ठाऊक असते. मोरी तुंबायची वेळ कोणाला ठाऊक?

मी हे सारे सूनबाईंना समजावून सांगितले. तेव्हापासून आम्ही मावशीजवळ ओरडत नाही. समोर बसतो आणि आधी विषय सांगतो, ‘मावशी, मोरीबद्दल बोलतोय हं.’ तिच्या अंदाजाला उभे राहायला जागा मिळाली, की पुढले निम्मे ती स्वतःच पुरे करते. यंत्रही आणले आहे; तेही उपयोगी पडते. पण खरा उपयोग पडला तो रोज तासभर तिच्याशी बोलत बसण्याचा. माझी वाक्ये आता तिच्या ओळखीची होत चालली आहेत.

परवा फराळाची ताटली पुढे करीत ती मला म्हणाली, ‘तुझा आवाज हल्ली बराच सुधारला हो!’