लोह्याहून हॉलंडला : दोन दिवसांची सहल

मंडळी, सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येळवस उभी राहते. मार्गशीर्षातली अमावास्या, डोक्यावर आंबिलीचे मडके, टोपल्यात उंडे आणि भज्जी, शेतात कडब्याची कोप, आणि घरची झाडून सारी माणसे ज्वारीच्या पिकात मांडी घालून जेवायला बसलेली. आमच्या लोहा तालुक्यात तर त्याच सुमारास माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. म्हणून शहरात गेलेली लेकरेही त्या दिवसांत घराकडे वळतात.

आज तुम्हाला मी अशाच एका शेतावरच्या सहलीला नेणार आहे. शेत मात्र आपले नाही. ते आहे समुद्राच्या तळाशी!

आमचा मुलगा हॉलंडात रॉटरडॅम शहरी नोकरीला आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे नवरा-बायको तीन महिने त्याच्याकडे राहिलो. मुलगा आणि सूनबाई सोमवार ते शुक्रवार कामावर आणि नातू शाळेत. घरात आम्ही दोघेच, खिडकीतून पाऊस पाहत बसायचे. शनिवार-रविवार मात्र सुट्टीचा. एप्रिलातल्या एका शुक्रवारी सूनबाईने आम्ही नेलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, आणि शनिवारी सकाळी आम्ही पाचजण निघालो.

निघण्याआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती दोन्ही दिवस माझ्या मनात होती. आमच्या शिवारात एक ओढा आहे. त्यावर मातीचा जुना बांध. तो गाळाने भरला आहे आणि एका अंगाने फुटला आहे. बांधाच्या वर माझे शेत, खाली धाकट्या भावाचे. भाऊ म्हणे, "गाळ तुमच्या बाजूला साचलाय दादा, तुम्ही काढा." मी म्हणे, "पाणी मुरतं तुझ्या विहिरीला, तू काढ." बाकी दोन शेजारी आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत बसलेले. अशी चार वर्षे गेली. पाणी तर वाहून गेलेच, आमचे बोलणेही आटले.

शनिवारी आम्ही नावेने किंडरडाइकला गेलो. रॉटरडॅमपासून हे ठिकाण फार लांब नाही. तिथल्या नदीचे नाव 'लेक'. ते ऐकून आमची सौ. म्हणाली, "मग जावईबापू कोणता म्हणायचा?" तर ह्या लेक नदीच्या काठी १९ पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. बहुतेक १७३८ ते १७४० या काळात बांधलेल्या. सौ.ने विचारले, "एवढ्या चक्क्या, इथं दळायला काय आहे?" दळायला काहीच नाही. ह्या चक्क्या पाणी उपसण्यासाठी आहेत.

आता हे नीट समजून घ्या. हॉलंड हा आपल्या मराठवाड्यापेक्षाही लहान देश. त्यातली सुमारे चौथा हिस्सा जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. काठाला मातीचा दांडगा बांध घातलेल्या परातीत तुम्ही शेत केले आहे असे समजा. बाहेर नदी आणि समुद्र वर, तुम्ही खाली. पावसाचे पाणी आत साचते आणि त्याला उतार नसतो. ते उपसले नाही तर पीक सडते, पुढे घरही बुडते. म्हणून वाऱ्यावर पाती फिरवायची, पात्यांनी आत रहाटासारखे मोठे लाकडी चाक फिरवायचे, आणि त्या चाकाने चरातले पाणी वरच्या कालव्यात ढकलायचे. तिथून ते नदीला सोडायचे. आता हे काम मोठे पंप करतात. पण दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना तेव्हा ह्याच चक्क्या पुन्हा कामाला लागल्या. आजही त्या चालत्या ठेवल्या आहेत आणि कित्येकांत कुटुंबे राहतात. १९९७ पासून हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत आहे.

तिथल्या शेतांना आपल्यासारखे बांध नाहीत. दोन शेतांच्या मध्ये पाण्याचा चर असतो. तोच शिवेचे काम करतो आणि गुरांना कुंपणही होतो. चरापलीकडे काळ्या-पांढऱ्या गाई चरत होत्या. तुमच्या गोठ्यात संकरित होलस्टीन गाय असेल, तर तिचे माहेर ह्याच मुलखात. आपल्या तांबड्या कंधारी गाईला त्या ओल्या कुरणात दोन दिवस तरी करमले असते का, कोण जाणे.

नदीच्या बांधावर बसून आम्ही भाकरी सोडली. वारा असा की चटणी उडू नये म्हणून हाताने झाकावी लागे. तेव्हा मी मुलाला विचारले, "हे एवढे बांध आणि चर सांभाळतो कोण? सरकार?"

त्याने सांगितले ते ऐकण्यासारखे आहे. तिथे पाण्याच्या वेगळ्या पंचायती आहेत. त्या तेराव्या शतकापासून चालत आल्या आहेत. त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते. त्यांचा कर वेगळा, आणि तो शेतकऱ्यापासून शहरातल्या घरवाल्यापर्यंत साऱ्यांना भरावा लागतो. जुन्या काळी तर प्रत्येक जमीनवाल्याला बांधाचा ठरलेला तुकडा वाटून दिलेला असे. तो त्यानेच राखायचा. ज्याला ते जमेना त्याने आपले फावडे बांधात रोवायचे आणि जमीन सोडून चालू लागायचे. जो ते फावडे उपटील त्याची ती जमीन, आणि बांध राखण्याचे कामही त्याचेच. इतका कडक नियम. कारण एकाचा तुकडा फुटला की सगळा गाव पाण्याखाली.

आणि तसे घडलेही आहे. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री वादळात समुद्र चढला, ठिकठिकाणचे बांध फुटले, आणि त्या देशातली १८३६ माणसे गेली. त्यानंतर त्यांनी नैऋत्येकडच्या खाड्यांची तोंडे धरणांनी आणि दारांनी अडवण्याचे काम हाती घेतले. ते चाळीसेक वर्षे चालले.

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो. माझे फावडे मी केव्हाच रोवून मोकळा झालो होतो. जमीन मात्र सोडली नव्हती.

रविवारी मोटारीने उत्तरेकडे दोन तासांवर गेलो. गावाचे नाव स्खोकलँड. हे एके काळी समुद्रातले चिंचोळे बेट होते. लाटांनी ते इतके खाल्ले की १८५९ साली राजाच्या हुकुमाने तिथली सहाशेहून अधिक माणसे घरे सोडून किनाऱ्यावर गेली. पुढे १९३२ साली ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून तो समुद्रच अडवला. आतले पाणी हळूहळू गोडे झाले. मग त्यातल्या एका भागाला बांध घालून पाणी उपसले, आणि १९४२ साली समुद्राचा तळ उघडा पडला. आज ते बेट शेतांच्या मध्ये उंचवट्यासारखे उभे आहे. उंचवट्यावर जुने देऊळ, म्हणजे चर्च, आहे. जुन्या बंदराच्या जागी नावेऐवजी गवत. सभोवती नजर पोचेल तिथवर बटाटा, कांदा आणि साखरेचे बीट. मधूनच तांबड्या-पिवळ्या ट्यूलिप फुलांचे पट्टे.

ही नवी जमीन वाटताना सरकारने अर्जदाराची कसून पारख केली. शेतीचे ज्ञान आहे का, भांडवल आहे का, हे तर पाहिलेच, पण घरी जाऊन संसार कसा आहे तेही पाहिले. ह्यात कित्येक गरीब आणि गरजू मागे राहिले. ते मला काही बरे वाटले नाही. पण जमिनीबरोबर जबाबदारीही द्यायची, ही गोष्ट पटली.

उंचवट्यावरून उतरताना नातवाने विचारले, "आबा, आपल्या गावात पाणी कोण बघतं?"

काय सांगणार? त्यांना पाणी जास्त, आपल्याला कमी. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे तुम्ही विसरला नसाल. पण पाणी राखणे आपल्याला ठाऊक नव्हते असेही नाही. शेजारच्या कंधारात जगत्तुंग तलाव राष्ट्रकूटांच्या काळापासून आहे. आमच्याच तालुक्यात मन्याड नदीवर लिंबोटीचे धरण आहे. मोठी धरणे सरकार बांधील. पण शिवारातला लहान बांध सरकारचा नसतो, तो चौघांचा असतो, आणि चौघांचा म्हणजे कोणाचाच नाही, अशी आपली रीत पडली आहे. नातवाला मी एवढेच म्हणालो, "अजून कोणी बघत नाही. गेल्यावर बघतो."

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही लोह्याला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडे खांद्यावर टाकून भावाच्या अंगणात गेलो. काय बोलावे ते ठरवून गेलो होतो, पण तोंडातून निघाले एवढेच, "मृग आठ दिवसांवर आलाय." त्याने माझ्याकडे पाहिले, फावड्याकडे पाहिले. वहिनी म्हणाव्या तशी ती भावजय आतून म्हणाली, "चहा घेऊन जावा भाऊजी." चहा झाला आणि भाऊ चपला घालून उठला. चौघांपैकी तिघांनी वर्गणी काढून जेसीबीने गाळ उपसला, तो आमच्याच शेतांत पसरला आणि फुटलेले अंग दगड-मातीने भरून घेतले. चौथा अजून आलेला नाही. येईल.

पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेला किती थांबवावा हे थोडेफार आहे. येत्या येळवशीला कोपीत जेवण झाले की लगेच गाडी जुंपू नका. लेकराबाळांना घेऊन ओढ्यापर्यंत चालत जा आणि बांध कसा आहे तो पाहून या. शेजाऱ्यालाही हाक मारा.