डाव्या हाताचा चाकू

अण्णांचा पुढचा दात अर्धा तुटला, तेव्हा मला कळलं की त्यांच्या खिशात आता चाकू नसतो.

आईनं फोनवर सहज सांगितलं. सरकी पेंडीच्या पोत्याची सुतळी दातानं तोडायला गेले आणि दातच तुटला. मी हिंजवडीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो. विचारलं, "चाकू कुठं गेला?"

"कोनाड्यात पडलाय. एका हातानं उघडत न्हाई त्यांना."

दीड वर्षापूर्वी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं, उजव्या हाताची पकड काही आली नाही. आमचं गाव कळंब तालुक्यात, येरमाळ्याजवळ. चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर, शिवाय सात उस्मानाबादी शेळ्या. मी महिन्याला पैसे पाठवत होतो, औषधं ऑनलाइन मागवत होतो, आणि स्वतःला बऱ्यापैकी चांगला मुलगा समजत होतो. अण्णा एका हातानं सुतळी कशी कापत असतील, हा प्रश्न मला दीड वर्षात एकदाही पडला नव्हता.

कोनाड्यातला तो चाकू येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत घेतलेला. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ. त्यानं अण्णांनी माझ्या पेन्सिली तासल्या, पेरू कापले, ठिबकच्या नळ्या कापल्या, शेळीच्या गळ्याला फास बसला तेव्हा दावं कापलं. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते. पातं उघडं असो की मिटलेलं, ती त्याला जागेवर दाबून धरते. उघडायचं तर एका हातात मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताचं नख पात्यावरच्या खाचेत घालून ओढायचं. मी मेकॅनिकल शिकलो, पोट कोडिंगवर भरतो. तरी या चाकूला दोन हात लागतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग शोध सुरू केला. आधी जगप्रसिद्ध चाकू पाहिले. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरचा १८९७ सालचा अधिकाऱ्यांचा चाकू, ज्याचा लाल वारसदार आज सगळे ओळखतात, त्यालाही नखाची खाच. फ्रान्सचा ओपिनेल १८९० पासूनचा. १९५५ मध्ये त्याला पातं अडकवणारी फिरती कडी आली. सुंदर आणि स्वस्त, पण उघडायला दोन हात आणि कडी फिरवायलाही दोन हात. एका हाताचा विचार मला सापडला तो १९८१ सालच्या स्पायडरको या अमेरिकी कंपनीच्या चाकूत. त्यांनी पात्यालाच गोल भोक पाडलं. अंगठा त्यात अडकवायचा आणि पातं बाहेर ढकलायचं. तीच कल्पना पुढे पात्याला बारीक खुंटी लावूनही आली.

मी रीतसर एक्सेल शीट केली. लांबी, वजन, स्टील, किंमत. इंटरनेटवर सगळ्यांचा जीव स्टीलच्या कडकपणावर. रॉकवेल मापनात साठच्या वर आकडा गेला की लोक खूश होतात, कारण अशी धार महिनोन् महिने टिकते. पण ती बोथट झाली की आमच्या दारातल्या साध्या दगडावर लवकर परत येत नाही. अण्णा एका हातानं चाकू दगडावर घासू शकतात, पण तासभर नाही. म्हणून मी उलटं ठरवलं. आकडा ५६च्या आसपास चालेल. धार लवकर जाऊ दे, पण पाच मिनिटांत परत येऊ दे. आणि स्टेनलेसच हवं. साधं पोलाद धार छान घेतं, पण ओलं राहिलं की गंजतं, आणि प्रत्येक वेळी एका हातानं पुसून ठेवणं कठीण.

एका रविवारी उजवा हात क्रेप बँडेजनं छातीशी बांधून घेतला आणि दिवसभर डाव्या हातानं जगून पाहिलं. दुधाची पिशवी उघडायला मीही दातच लावले. ऑनलाइन मागवलेला खुंटीचा चाकू संध्याकाळी डाव्या अंगठ्यानं झटकन उघडला. चाचणी पास, असं समजून गावी गेलो.

अण्णांना तो उघडलाच नाही. खुंटी ज्वारीच्या दाण्याएवढी. माझा अंगठा की-बोर्डवर वाढलेला, त्यांचा खुरप्यावर. जाड, भेगाळलेला, राठ. खुंटी त्यांना जाणवतच नव्हती. शेवटी एकदा उघडला, तर मिटेना. त्यातलं लॉक उजव्या हाताच्या माणसासाठी केलेलं. डाव्या हातानं ते सरकवताना बोट थेट पात्याच्या वाटेत येत होतं. अण्णांनी चाकू माझ्याकडे दिला आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेले. मी टेस्टिंग केलं होतं, फक्त वापरणारा माणूस सोडून.

रात्री जेवताना म्हटलं, "अण्णा, न मिटणारा छोटा चाकू आणू का? म्यानात ठेवायचा, कमरेला लावायचा. उघडमिटीची कटकटच नाही."

अण्णा हसले. "कमरेला चाकू लावून फिरायला मी काय गुंड हाय व्हय रं?"

यांत्रिक उत्तर ते बरोबर होतं, पण गाव यंत्र नव्हे. खिशातला चाकू शेतकऱ्याचा, कमरेचा चाकू भांडणाऱ्याचा, हे आमच्याकडे न शिकवता कळतं. कायदाही काहीसा तसाच बघतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण सणावाराला किंवा आंदोलनाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश निघतात. त्यात चाकूही येऊ शकतो, तेव्हा मात्र तो घरी ठेवलेला बरा.

दुसऱ्या वेळी शीट उघडलीच नाही. अण्णांच्या अंगठ्याचा, मुठीचा फोटो काढला, माप घेतलं आणि पुण्यात दुकानात जाऊन चाकू हातात धरून पाहिले. पात्याला अंगठ्याचं टोक सहज मावेल एवढं भोक. लॉक मुठीच्या पाठीवर, मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्या हाताला सारखंच. पाठीवरची पट्टी दाबायची, बोटं बाजूला ठेवायची आणि पात्याची पाठ मांडीवर टेकवून हळूच मिटवायचं. पातं तीन इंचांच्या आत. किंमत चौदाशे रुपये.

अण्णांनी माझ्यासमोर तो एकदाच उघडला, मिटला, "बरा हाय" म्हणाले आणि बंडीच्या खिशात टाकला. मी परत निघालो तेव्हा आई फाट्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "रात्री गोठ्यात बसून किती येळ उघडत-मिटत होते. तू झोपला होतास."

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा चाकूच्या खिशाला लावायच्या क्लिपमध्ये सुतळी ओवून ती बंडीच्या काजाला बांधलेली दिसली. चाकू हातातून निसटला तर खाली पडू नये म्हणून. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी म्हटलं, "अण्णा, आता बार्शीला जाऊन दातही बसवून घेऊ."

"आता कशाला? चाकू हाय की."