दोन इंच हवा

लातूर १८.४ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात भर दुपारी सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुंध्यात नाहीशी होते. शाळेची पोरं त्या दिवशी मैदानात बाटल्या उभ्या करून शून्य सावली बघतात. माझं लक्ष गच्च्यांकडे जातं. उन्हाळ्याच्या ऐन कडक दिवसांत सूर्याचा मारा भिंतींपेक्षा आडव्या छतावर जास्त असतो. दक्षिणेच्या भिंतीला तर दुपारी ऊन लागतच नाही म्हणा. म्हणून घर गार ठेवायचं तर छतापासून सुरुवात करायची. गिऱ्हाईक मात्र खिडकीच्या काचेपासून सुरुवात करतं, कारण काच पाहुण्यांना दिसते. गच्चीच्या पोटात काय आहे ते कोण बघतो?

इथल्या जुन्या लोकांनी छताचा प्रश्न मातीने, म्हणजे माळवदाने, सोडवला होता. लाकडी तुळया, त्यांवर किलचण, त्यावर लिंबाचा पाला आणि वर हातभर पांढरी माती. मृग लागायच्या आधी वर नवी माती पसरून चोपायची, म्हणजे पाणी झिरपत नाही. उजेडाला आणि चुलीच्या धुराला सवणं. दिवसभराचं ऊन त्या मातीतून खाली उतरता उतरता रात्र व्हायची, आणि तोवर बाहेरची कोरडी हवा इतकी निवलेली असायची की वरची उष्णता वरच्या वर आकाशात निघून जायची. माळवदाखाली दुपारी झोपलेल्या माणसाला हाका मारून उठवावं लागे. कोकणात ही युक्ती चालत नाही. तिथे रात्रही दमट आणि उबदार, त्यामुळे साठवलेली उष्णता टाकायची कुठे? तिथे कौलं आणि वारा हेच खरं.

पण हातभर मातीचं वजन चौरस मीटरला सातशे किलोंवर जातं. दरवर्षी पडणारी नवी भर वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या आत, किल्लारीच्या भूकंपात हेच वजन लोकांच्या अंगावर आलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपलेली. अनघड दगडाच्या, मातीत रचलेल्या जाड भिंती. आतला थर आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे जोडदगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. दोन थर फाकले, आणि वरची माती खाली आली. हजारो माणसं गेली. त्यानंतर आमच्या भागात जड छताची धास्ती बसली ती बसलीच. पंचाहत्तरीच्या पुढच्या एका आजींनी मला घराचा नकाशा बघायच्या आधीच सांगितलं होतं, “लेकरा, काय करायचं ते कर, पर डोक्यावर माती ठिवू नको.” ही धास्ती रास्त आहे. मी तिच्याशी कधी वाद घालत नाही. पर्यावरणाच्या नावाखाली जुनं माळवद जसंच्या तसं परत आणा म्हणणारे लोक शहरातून येतात, तेव्हा त्यांना आधी किल्लारीचं स्मारक बघून या म्हणतो.

मातीच्या जागी आले पत्रे, आणि हातात पैसा आला तसा स्लॅब. पाच-सहा इंचांचा स्लॅब भूकंपाला बरा, पण उन्हाला काहीच नाही. काँक्रीट उष्णता अडवत नाही, ती वाहून नेते. बारा बाय बाराची, वर उघडा स्लॅब असलेली खोली घ्या. दुपारी गच्चीचा पृष्ठभाग ६५ अंशांच्या आसपास जातो. आतली हवा २७ वर ठेवायची म्हटलं तर ढोबळ हिशेबाने दीड किलोवॉटच्या वर उष्णता एकट्या छतातून आत येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे त्याची निम्मी ताकद गच्चीशी भांडण्यात जाते. शिवाय काँक्रीट ही उष्णता लगेच सोडत नाही. दुपारचं ऊन संध्याकाळी सात-आठला छताच्या खालच्या अंगाला पोचतं, नेमकं माणसं जेवायला बसतात तेव्हा. पंखा लावला की तो ती हवा खाली ढकलतो. लोक पंख्याला दोष देतात.

कूलर हा इथला हुकमी उपाय, आणि कोरड्या हवेत तो चांगला चालतोही. पण त्याला पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्या गावाने पिण्याच्या पाण्यासाठी आगगाडीची वाट बघितली, त्या गावात रोज हंडेच्या हंडे पाणी कूलरमध्ये ओतून खोली गार करा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. वीज वाचवण्याचा विषय आमच्याकडे असा पाण्याच्या दारातून आत येतो.

मग उरतं काय? वजनाशिवाय उष्णता अडवणं. कोंडलेली, हलू न शकणारी हवा उष्णतेला सगळ्यात वाईट वाट देते. गोधडीचं तेच काम. एक्सपीएस नावाचा जो कडक फोमचा बोर्ड मिळतो तो म्हणजे जवळजवळ सगळी कोंडलेली हवाच. दोन इंचांच्या बोर्डाचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही, आणि उष्णतेला त्याचा अडथळा हातभर मातीच्या जवळजवळ दुप्पट. स्लॅबवर तो नीट बसवला तर मघाच्या खोलीत छतातून येणारी दीड किलोवॉट उष्णता पाव किलोवॉटवर येते. ज्या आजींना डोक्यावर माती नको होती त्यांच्या घरावर हेच टाकलं. त्यांनी बोर्डाचा तुकडा एका बोटावर तोलून बघितला आणि मगच होकार दिला.

मिस्त्रींचा होकार मिळवणं जास्त अवघड. “साहेब, थर्माकोल आहे हा, वर उभारलं की दबंल,” हे मला दर साइटवर ऐकायला मिळतं. पॅकिंगमधला थर्माकोल दबतोच, त्यांचं खोटं नाही. म्हणून घनता बघूनच माल घ्यावा. मी बोर्डावर विटा रचून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनाच पट्टी लावून बघायला सांगतो. क्रम असा: स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग, त्याची पाणी भरून चाचणी, मग बोर्ड, सांध्यावर सांधा येऊ न देता. त्यावर जाड कापडाचा थर, मग उताराचा कोबा, शेवटी फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. कठड्याच्या कडेला वाटा गोल आणि भरीव. बोर्ड उन्हात उघडा ठेवायचा नाही, तो वाकतो आणि त्याची भुकटी व्हायला लागते. वाऱ्याच्या दिवशी तर पसरायचाच नाही. कोबा पडेपर्यंत तो पतंगच असतो.

“कोबा तर आम्ही करतोच की,” असं म्हणणारे पुष्कळ. विटांच्या तुकड्यांचा कोबा पाण्याला उतार द्यायला उत्तम, पण उन्हाला तो फार अडवत नाही. सहा इंचांच्या उघड्या स्लॅबमधून एका चौरस मीटरला, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, सव्वातीन वॉटच्या आसपास उष्णता जाते. चार इंचांचा कोबा टाकून ती सव्वादोनवर येते, आणि स्लॅबवर दोनशे किलोंचा बोजा चढतो तो वेगळा. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता काढली. तिच्यात छतासाठी मर्यादा आहे १.२. नुसता कोबा तिथवर पोचत नाही. पाऊण-एक इंचाचा चांगला बोर्ड पोचतो.

खालून फॉल्स सीलिंग लावून काम भागवणारेही आहेत. जुन्या घराला दुसरा इलाज नसेल तर ठीक. पण स्लॅब वर तापतच राहतो, तापून फुगतो, रात्री आकसतो, आणि वरच्या मजल्याच्या भिंतीवर स्लॅबखाली आडवी चीर पडते. ती गिलाव्याने बुजत नाही, पुढच्या उन्हाळ्यात परत येते. उष्णता स्लॅबच्या बाहेरच अडवली तर स्लॅबही शांत राहतो. एक पथ्य मात्र सांगतो: दुलई पांघरलेलं छत आतली उष्णताही सहज सोडत नाही. रात्री खिडक्या उघडून घर निववावं लागतं आणि सकाळी नऊच्या आत बंद करावं लागतं. हे न करणाऱ्यांना वरचा खर्च अर्धाच फळतो.

भिंतींबद्दल थोडक्यात. पश्चिमेची भिंत तेवढी जपा. लॉरी बेकर यांनी केरळात रॅट-ट्रॅप बाँड रुळवला: विटा काठावर उभ्या लावायच्या, नऊ इंचांच्या भिंतीत तीन इंचांची पोकळी राहते, विटाही सुमारे पाव हिश्श्याने वाचतात. मला तो फार आवडतो. पण आमच्याकडच्या विटांच्या कडा सरळ नसतात, आणि इलेक्ट्रिशियन छिन्नी घेऊन आला की पोकळीचं वाटोळं होतं. वायरिंगचे पाइप बांधतानाच घालायची तयारी असेल तरच या वाटेला जावं. नाहीतर पश्चिमेला कडुनिंब लावा.

आणि ज्याच्याकडे बोर्डाचे पैसे नाहीत, त्याने दर मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात मारावेत. पावसात धुऊन जातो, धुळीने मळतो, पण ऐन उन्हाळ्यात राखाडी गच्चीपेक्षा पांढरी गच्ची कितीतरी कमी तापते. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि सगळ्यात कमी केलं जाणारंही.

ज्यांचा स्लॅब अजून पडायचा आहे त्यांना एकच विनंती. आज बोर्ड घेऊ नका हवं तर; पण गच्चीच्या दाराचा उंबरा स्लॅबपासून निदान नऊ इंच वर घ्या आणि कठडाही त्या हिशेबाने चढवा. उंबरा खाली राहिला तर पुढे पैसे आले तरी वर काही टाकता येत नाही, पावसाचं पाणी जिन्यात उतरतं.